पुण्यात पाहुण्यांना खायला नेताय? आधी हे वाचा

पाहुण्यांना एका दिवसात फिरवायला खाण्याच्या सात ठिकाणांची यादी केली असेल, तर ती छान आहे, पण एका दिवसात सात ठिकाणं होणार नाहीत. तीनच ठेवा: सकाळी मिसळ, दुपारी थाळी, संध्याकाळी मस्तानी. मध्ये चार-चार तास तरी जाऊ द्या.

नव्या माणसाची चूक मिसळीपासूनच होते. चौघांत चार प्लेट मागवतात आणि थाळीपर्यंत कुणाला भूकच उरत नाही. दोन प्लेट मागवा, पाव वाढवून घ्या. बाहेरच्यांना तिखटाचा अंदाज नसतो, म्हणून रस्सा वेगळा सांगा. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर असते, पहिल्यांदा खाणाऱ्याला तीच बरी. रविवारी नऊच्या आत पोहोचा, नंतर रांग हलत नाही.

अमर्याद थाळी माणशी लागते, ताटात वाटणी चालत नाही. कमी खाणारं कुणी असेल तर थाळी सोडाच. पहिल्या वाढपात पुरी-भात थोडाच घ्या. वाढपी पुन्हा येतोच, आणि आग्रह केला तरी नाही म्हणता येतं (पुण्यात तर नक्कीच).

मस्तानी म्हणजे घट्ट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा. दोघांत एक पुरते.

पेठांत गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच वेळ जातो. कॅफे गुडलकचा बन-मस्का हवा असेल तर डेक्कन जिमखाना मेट्रो स्थानकावरून चालत जा. कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटं न्यायची असतील तर सकाळीच घ्या, दुपारी दुकान बंद असतं.

कोण काय खात नाही, हे मात्र आदल्या रात्रीच विचारून ठेवा.