'हॉक' म्हणजे युद्धखोर नव्हे

उताऱ्यात एका मंत्र्याला 'हॉक' म्हटलंय, भाषांतरात 'युद्धखोर' लिहू का, असं तुम्ही विचारलंत. नका लिहू, मार्क जातील.

'खोर' कुठं कुठं लागतो बघा: लाचखोर, भांडखोर, चहाडखोर, नफेखोर. फारसीत खोर म्हणजे खाणारा, पण मराठीत तो मागं लागला की माणूस वाईटच ठरतो. 'हॉक' म्हणताना एवढा निवाडा झालेला नसतो. समोरच्या प्रश्नावर बळ वापरा म्हणणारा तो हॉक, उद्या दुसऱ्या प्रश्नावर तोच नरमही असू शकतो. १८१२ मध्ये ब्रिटनशी लढाच म्हणणाऱ्या हेन्री क्ले वगैरे तरुण अमेरिकी प्रतिनिधींना 'वॉर हॉक' म्हणत. १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेपुढं उभ्या राहिलेल्या पेचात हवाई हल्ला करा म्हणणारे हॉक, नाकेबंदीवर भागवा म्हणणारे डव्ह, म्हणजे नरम.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर १९४८ घ्या. निजामाशी जैसे थे करार झालेला, वाटाघाटी चाललेल्या, इकडं गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ. पटेल कारवाईच्या बाजूचे, नेहरू आणखी थांबून बघू म्हणणारे. त्या प्रश्नापुरते पटेल हॉक. पण नांदेडात नाहीतर लातुरात कुणापुढं त्यांना युद्धखोर म्हणून तर बघा! आमचे आजोबा त्याला युद्धसुद्धा म्हणत नसत. 'पोलीस ॲक्शनच्या साली ही बारशाची होती,' असं आत्याचं वय सांगायचे.

'हॉक' हा मुळात शिकारी पक्षी, तरी 'ससाणा' लिहायचा मोहही आवरा. बातम्यांत दिसतो, पण कानाला लागत नाही. शिकारी पक्षी म्हटला की आपल्याला घार आठवते, आणि घारीचं चित्त पिलांपाशी. मग तिच्यात युद्ध कुठून शोधायचं? 'जहाल' जवळचा वाटतो खरा, पण जहाल-मवाळ म्हटलं की परीक्षक थेट टिळक-गोखल्यांपाशी, १९०७ च्या सुरतेत पोचतो.

मी 'लष्करी कारवाईच्या बाजूचा' असं सरळ लिहितो. लांब होतं, होऊ द्या. 'युद्धखोर' लेखकाला खरंच शिवी द्यायची असेल तेव्हासाठी राखून ठेवा.

आणि उताऱ्यातला मंत्री अर्थमंत्री नाही ना, तेवढं बघून घ्या. व्याजदराच्या बातमीतल्या 'हॉकिश'चा लढाईशी काही संबंध नसतो. महागाई आवरायला दर चढे ठेवा म्हणणारा, एवढाच तिथं अर्थ.