तो 620 मिलीसीव्हर्ट नाहीये

मुतखड्यासाठी वर्षभरात पोटाचे तीन सीटी झाले, रिपोर्टवर 620 आहे, तीनाने गुणले की 1860 मिलीसीव्हर्ट (शरीराला बसलेल्या रेडिएशनचं एकक, असे 1000 म्हणजे एक सीव्हर्ट), दर सीव्हर्टला 5 टक्के म्हणजे मला 9 टक्के कॅन्सर, असं गणित तुम्ही मांडलंय. गुणाकार बरोबर आहे, एकक चुकलंय. खरंच एवढा डोस एका दमात अंगभर बसला असता ना, तर त्याच दिवशी उलट्या सुरू होण्याची बरीच शक्यता होती.

डोस रिपोर्टचं पान परत काढा आणि त्या 620 च्या रकान्याचं डोकं वाचा, डीएलपी असेल आणि एकक मिलीग्रे-सेंटिमीटर. म्हणजे मशीनचा डोस गुणिले स्कॅन केलेली लांबी, बस. कुठला अवयव एक्स-रेच्या झोतात आला आणि तो किती नाजूक हे त्यात धरलेलंच नसतं, त्यासाठी वेगळा फॅक्टर लावतात. मोठ्या माणसाच्या पोटाला 0.015, छातीला 0.014, डोक्याला फक्त 0.0021. एक वर्षाच्या बाळाच्या पोटाला मात्र 0.030, म्हणून लहान पोरांचा हिशोब मोठ्यांच्या फॅक्टरने कधीच करू नका. मेडिकल फिजिक्समध्ये इतकी वर्षं काढली, ही चूक करणारे डॉक्टरसुद्धा भेटलेत, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

तर 620 गुणिले 0.015 म्हणजे 9.3 मिलीसीव्हर्ट, तीनचे मिळून 28. आपल्याला निसर्गातूनच वर्षाला सरासरी 2.4 मिळतात, म्हणजे साधारण बारा वर्षांचं एकदम मिळालं असं समजा. आयसीआरपीने, म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणाच्या शिफारशी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, 2007 मध्ये कॅन्सरसाठी दर सीव्हर्टला 5.5 टक्के हा आकडा दिला, फक्त प्रौढांसाठी 4.1. तुम्ही चाळिशीचे, म्हणून 4.1 घेऊ, 0.028 सीव्हर्टला 0.115 टक्के. साधारण 870 जणांत एक. 9 टक्के कुठे आणि हे कुठे.

आता खरी गोची इथे आहे. हे 4.1 मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या अभ्यासातून आलेलं आहे, त्यांना एका क्षणात डोस बसला होता आणि परिणाम नीट दिसतो तो साधारण 100 मिलीसीव्हर्टच्या वर. त्याच्या खाली सरळ रेष शून्यापर्यंत ओढलीये आणि डोस कमी असेल किंवा हळूहळू मिळत असेल तर धोका निम्मा धरलाय. ती रेष सुरक्षेचे नियम बनवायला सोयीची आहे, तुमच्या एकट्याचं भविष्य सांगायला नाही. तुमच्या 28 ला धोका त्याहून कमी असेल, थोडा जास्तही असेल, तेवढ्याशा डोसला आकड्यांत पकडणंच अवघड असतं, कारण मुळात कॅन्सर खूप जणांना होतोच. कमी रेडिएशनच्या धोक्यावरचा अमेरिकेतला 2006 चा बायर-7 अहवाल तिथल्या लोकांचं धरून म्हणतो की 100 जणांत 42 जणांना रेडिएशनशिवायच होतो, आणि 100 मिलीसीव्हर्टने त्यात एकाची भर पडते. तुमचं 28 आहे.

म्हणूनच ऑनलाइन कॅल्क्युलेटर दशांशाच्या पुढे तीन आकडे दाखवतात तेव्हा मला हसू येतं. वय आणि बाई की पुरुष याने फरक पडतो, लहान मुलींना तोच डोस सगळ्यात महाग पडतो, पण त्यातही नेमकेपणा एवढा नसतो.

पुढच्या वेळी खडा दुखला तर सीटीला घाबरून नाही म्हणू नका, फक्त सोनोग्राफीवर भागेल का आणि सीटी लागलाच तर लो-डोस प्रोटोकॉल लावता येईल का एवढं विचारा, मुतखड्याला तो बऱ्याचदा पुरतो. आणि हो, तुम्ही पहिल्या स्कॅनचाच आकडा तीनदा धरलाय. बाकी दोन्हींची पानं बघा, एखाद्यात कॉन्ट्रास्ट देऊन दोन-तीन फेजेस (म्हणजे त्याच भागाचे पुन्हा पुन्हा स्कॅन) घेतल्या असतील तर डीएलपी दुप्पट-तिप्पट असेल, प्रत्येक फेजची ओळ वेगळी असते आणि खाली टोटल असते, ती टोटल घ्या.