डोक्याला एकदा शेक झालेत, आता परत रेडिएशन देता येतं का?

आईंना फुफ्फुसाचा कॅन्सर, तो मेंदूत गेला म्हणून मागच्या वर्षी डोक्याला १० शेक झाले, आता एमआरआयमध्ये परत गाठी दिसतायत, डॉक्टर परत रेडिएशन म्हणतात आणि मामा म्हणतात मेंदू जळून जाईल, असं तुम्ही लिहिलंय. मी रेडिएशन मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे घ्या की नका घेऊ हे नाही सांगणार, पण असे पेशंट टेबलवर घेतो तेव्हा जे माहितीये ते सांगतो.

देता येतं. पण आधी एक काम करा, पहिले शेक जिथे झाले तिथून जुनी ट्रीटमेंट समरी आणि प्लॅनची सीडी आणा. डिस्चार्ज कार्डवर बरेचदा नुसतं 'रेडिएशन पूर्ण' एवढंच असतं, त्याने काही होत नाही. किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), किती भागांत, कधी संपलं, हे सगळं लागतं, कारण ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) आणि डोळ्यांच्या नसांच्या खात्यात पहिला डोस जमा असतोच आणि नवीन डोस त्यावर चढतो. पूर्ण डोक्याला १० शेक म्हणजे बहुतेक ३० ग्रे झाले असतील, पण कागद बघितल्याशिवाय धरून चालू नका.

मग डॉक्टरांना विचारा की गाठी किती आणि कुठे. मोजक्या आणि लहान असतील तर एसआरएस, म्हणजे गामा नाइफ, सायबरनाइफ किंवा साध्या लिनॅकवरसुद्धा (नेहमीचं रेडिएशन मशीन) फक्त गाठीवर नेम धरून देतात, बाकीच्या मेंदूला फार कमी जातं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात आधी रेडिएशन झालेल्या पेशंटवरच याचा अभ्यास झाला होता, त्यात एका वेळचा डोस २ सेंमीपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे, ३ पर्यंत १८ आणि ४ पर्यंत १५ असा ठरला, म्हणजे गाठ मोठी तसा डोस कमी. गाठी खूप जास्त, सगळीकडे पसरलेल्या असतील तर परत पूर्ण डोक्याला देतात पण सहसा कमी, २० ग्रेच्या आसपास, आणि त्यात थकवा, विसराळूपणा येऊ शकतो, हे स्पष्ट विचारून घ्या.

मामा म्हणतात ते अगदीच हवेतलं नाहीये. रेडिओनेक्रोसिस म्हणतात त्याला, शेक दिलेल्या जागचा भाग मरतो आणि एमआरआयवर तो गाठीसारखाच दिसू शकतो. जास्त करून एसआरएसनंतर बघायला मिळतो. म्हणून जुन्याच जागी वाढलंय की नव्या जागी आलंय हे रेडिओलॉजिस्टकडून जुने-नवे स्कॅन शेजारी ठेवून बघून घ्या, शंका असेल तर परफ्युजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) किंवा पेट स्कॅन सांगतात. नेक्रोसिस असेल तर त्यावर स्टेरॉइड किंवा बेव्हासिझुमॅब नावाचं औषध, परत शेक नाही.

अजून एक, बायोप्सीत म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या जनुकातला बदल, बघितलं होतं का? ईजीएफआर किंवा एएलके निघालं असेल तर ओसिमर्टिनिब, लॉरलाटिनिब अशा गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात, कधी कधी शेक पुढे ढकलता येतो.

आई स्वतः उठून बाथरूमला जातात का, स्वतःचं स्वतः करतात का, हे लिहिलं नाहीत. त्यावर खूप ठरतं. अंथरुणाला खिळलेल्या असतील तर नको म्हणणं हाही पर्याय आहे आणि त्यासाठी कोणी तुम्हाला बोल लावू नये. ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या २०१६ च्या अभ्यासात, ऑपरेशन किंवा एसआरएस जमत नाही अशा फुफ्फुसाच्या पेशंटना पूर्ण डोक्याला पहिल्यांदाच शेक देऊनसुद्धा नुसत्या औषधांपेक्षा फारसा फरक पडला नव्हता.

रेडिएशन ठरलंच तर मास्क नवीन बनवतील. ती जाळीची प्लॅस्टिक शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात, काही मिनिटांत कडक होते, नाक-तोंड मोकळं असतं, दुखत नाही. डेक्सोना (सूज कमी करणारं स्टेरॉइड) चालू असेल तर चेहरा सुजतो आणि मास्क घट्ट व्हायला लागतो, गालावर जाळीचे वळ उठतात. पेशंट बिचारे बोलत नाहीत, तुम्ही आम्हाला सांगा. डेक्सोनाने शुगर वाढते आणि झोप उडते, म्हणून दिवसातली दुसरी गोळी दुपारीच दिली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारा, पण मनाने एकदम बंद करू नका. आणि मधेच उलट्या, झापड किंवा फिट आली तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीला न्या.