सहा खणांपैकी एकातलंच पाणी आटत नाही

प्रश्न : आमच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टची, पाणी घालायची ट्युब्युलर बॅटरी आहे. हल्ली ती लवकर उतरते. सहापैकी पाच खणांतलं पाणी पंधरा दिवसांत खाली जातं, एकातलं मात्र जसंच्या तसं राहतं. तो खण सर्वांत चांगला समजायचा का? मुलाच्या पुस्तकात ‘विद्युत घट’ आहे, दुकानदार ‘सेल’ म्हणतो, आम्ही सगळ्यालाच बॅटरी म्हणतो, फरक काय? आणि डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी चालेल का?
— एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : नाही, बिघाड बहुधा त्याच खणात आहे. कसा, ते कळण्यासाठी आधी घट आणि बॅटरी वेगळे करू.

घट म्हणजेच सेल. वेगवेगळ्या पदार्थांचे दोन इलेक्ट्रोड आणि त्यांच्यामध्ये वीज वाहून नेणारं रसायन, एवढ्यात घट पुरा होतो. त्याचे व्होल्ट पदार्थांवर ठरतात, आकारावर नाही. घड्याळातला बारका जस्त-कार्बन सेल १.५ व्होल्टचा आणि टॉर्चमधला जाडाही १.५ व्होल्टचाच, जाड्यात मसाला जास्त, म्हणून तो जास्त पुरतो. शिसं-ॲसिडचा घट सुमारे २.१ व्होल्टचा. जास्त व्होल्ट हवे तर एका घटाचं धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला जोडत जायचं. ही माळ म्हणजे बॅटरी. पुस्तकातला ‘घटमाला’ हा शब्द फार नेमका आहे. (रात्री पाणी द्यायला जाताना आपण ‘बॅटरी घे’ म्हणतो तो टॉर्च.)

तुमच्या बॅटरीत असे सहा घट आहेत. प्रत्येक बुचाखाली वेगळा घट, त्याचं ॲसिड वेगळं. प्रवाह मात्र सहांतून एकच. चार्जर साधारण १४.४ व्होल्ट देतो, म्हणजे प्रत्येकी २.४. आता एका घटात सेपरेटर (प्लेटा, म्हणजे इलेक्ट्रोड, एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये घातलेला पडदा) फाटून किंवा तळाचा गाळ प्लेटांपर्यंत चढून शॉर्ट झाला, तर तो जवळपास काहीच व्होल्ट घेत नाही. तेच १४.४ उरलेल्या पाचांवर पडतात, प्रत्येकी सुमारे २.९. इतक्या दाबाखाली पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. म्हणून चांगले पाच आटतात आणि बिघडलेला भरलेला दिसतो.

खात्री अशी करा. बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा काढा, चार-पाच तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटर लावा. चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते; १०.५ च्या जवळ आकडा आला तर एक घट गेला. मग हायड्रोमीटरने (ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी) सहाही खण तपासा. पाणी नुकतंच घातलं असेल तर आकडा खोटा येतो, कारण ते वरच तरंगतं. आधी चार्जिंग होऊ द्या. पूर्ण चार्ज ट्युब्युलरमध्ये साधारण १.२४० मिळावं. हा आकडा २७ अंश तापमानाचा आहे. आपल्या उन्हाळ्यात वरच्या दर १० अंशांमागे वाचनात ०.००७ मिळवा. एखादा खण इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल, पण व्होल्ट १०.५ इतके पडले नसतील, तर दीर्घ चार्जिंग देऊन पुन्हा मोजा. प्लेटांवर बसलेलं सल्फेट कधीकधी सुटतं. घट शॉर्ट असेल तर मात्र बॅटरी बदलावीच लागेल. ‘थोडं ॲसिड टाकू’ हा सल्ला ऐकू नका. आटतं ते पाणी, ॲसिड नव्हे.

बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार खणातच साठत जातात, लोहामुळे बॅटरी पडल्यापडल्या उतरते, क्लोराइडमुळे प्लेटा खाल्ल्या जातात. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर, दांडीवरच्या खुणेपर्यंतच भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील इतकंच घाला. खोलीची खिडकी उघडी ठेवा, काडी पेटवू नका, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

टॉर्चलाही हाच नियम लागू. तीन सेलांपैकी एकच नवा घातला तर जुना आधी संपतो, उरलेले त्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याचे व्होल्ट उलटे होतात आणि तो फुटून आतलं रसायन पत्र्याला लागतं. तिन्ही सेल एकाच वेळी बदला.