बंद केलेल्या कार्डाची वसुली आली, सहा हजार देऊन मोकळं व्हावं का?

नका देऊ. सहा हजार सोडा, कागद हातात येईपर्यंत सहाशेही नका देऊ.

तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळी बाकी भरून तुम्ही क्रेडिट कार्ड बंद करायचा ईमेल बँकेला केलात, विनंती क्रमांक आला, कार्ड कात्रीने कापून टाकलंत. बँकेने ते बंद केलंच नाही. डिसेंबरात वार्षिक शुल्क लागलं, त्यावर विलंब शुल्क, व्याज, जीएसटी चढत गेलं. आता वसुली एजन्सीचा माणूस १९,७४० रुपये मागतोय आणि 'आजच्या आज सहा हजार टाका, फाइल बंद करतो' म्हणतोय. त्यातच सिबिलमुळे गृहकर्ज अडकलंय.

मी सतरा वर्षं एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काढली. 'आजच्या आज' हे शब्द मी स्वतः शेकडो वेळा वापरलेत. त्याचा अर्थ एवढाच असतो, की महिनाअखेर आलीय आणि टार्गेट बाकी आहे. पुढच्या महिन्यातही तोच आकडा मिळतो, कधी कधी त्याहून कमी.

तुमची खरी अडचण पैशांची नाही, शिक्क्याची आहे. तडजोड करून सहा हजार भरलेत की क्रेडिट अहवालात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लागेल, 'क्लोज्ड' नाही. गृहकर्जाची फाइल बघणारा 'सेटल्ड' वाचतो तेव्हा त्याला एवढंच दिसतं, की या माणसाने कर्ज बुडवलं आणि थोडक्यात मिटवलं. मुळात नसलेलं देणं तुम्ही स्वतःच मान्य केल्यासारखं होतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर 'थोडे थोडे करून देतो' असलं काही लिहून बसू नका. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी दिलेल्या लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होते.

एजंटशी वाद घालण्यात दम घालवू नका. त्याच्याकडे एक्सेलमधली एक ओळ असते: नाव, नंबर, रक्कम. ती रक्कम कशी झाली हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्याकडून एजन्सीचं नाव आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, 'रक्कम मला मान्य नाही, बँकेकडे लेखी तक्रार केली आहे' असा एक मेसेज टाका आणि थांबा. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर त्याला फोन करता येत नाही, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन करून तुमची अब्रू काढता येत नाही. केलंच, तर तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. ती वही पुढे फार कामाला येते. आणि 'पोलीस येतील'ला घाबरू नका. कार्डाचं बिल थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. लोकअदालतीची नोटीस आली तरी तिथे दोघांच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही.

आता बँक. ऑगस्ट २०२३ पासून आजपर्यंतचे सगळे मासिक खातेउतारे मागवा आणि त्यात फक्त खरेदीचा रकाना बघा. तुम्ही म्हणता तसं असेल तर तिथे शून्य येईल. म्हणजे १९,७४० मधला एक रुपयाही तुम्ही खर्च केलेला नाही. समजा ४९९ रुपयांचं शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण ५८९ रुपये. बाकीचा सगळा डोलारा या बीजावर उभा आहे.

तो पाडायला रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे कार्डविषयक निर्देश पुरेसे आहेत. बाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करायची, नाहीतर कार्ड बंद होईपर्यंत रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही. ग्राहकाने बिलाला हरकत घेतली तर ३० दिवसांत कागदोपत्री पुराव्यासह खुलासा द्यायचा. वाद चालू असलेल्या खात्यात तो मिटल्यानंतरच थकबाकी कळवायची. तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवायचं नाही, ही शिस्त तर त्याही आधीपासूनची आहे.

पत्र अर्ध्या पानाचं ठेवा. रागाचं एक वाक्यही नको. 'या तारखेला, या विनंती क्रमांकाने कार्ड बंद करायला सांगितलं, त्या दिवशी बाकी शून्य होती, उतारा जोडला आहे. त्यानंतर माझा एकही व्यवहार नाही. सर्व आकारणी रद्द करा, बंद केल्याचं पत्र व बेबाकी (काही देणं नसल्याचा) दाखला द्या, चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडची नोंद दुरुस्त करा, एजन्सीकडून प्रकरण परत घ्या, विलंबाची भरपाई द्या.' इंग्रजीत लिहा. वाचणारा बहुधा चेन्नईत किंवा गुरुग्रामला बसलेला असतो. तक्रार विभागाला ईमेल, प्रत प्रिन्सिपल नोडल अधिकाऱ्याला (बँकेचा तक्रारींसाठीचा वरिष्ठ अधिकारी), आणि छापील प्रत स्पीड पोस्टाने. शाखेत जाऊन तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या बायकोचं कार्ड शाखेतल्या माणसाने तिच्यासमोर कापलं, 'झालं मॅडम' म्हणाला, आणि अर्ज नोंदवलाच नाही. दोन वर्षांनी चौदा हजारांचा फोन. वसुलीत जन्म गेलेला मी, आणि घरातल्या कागदाची पोच घेतली नाही! आमच्याकडे तुमच्यासारखा विनंती क्रमांकही नव्हता, फक्त शेवटच्या भरण्याचा उतारा आणि त्यापुढची कोरी पानं. बँकेने पहिल्या पत्राला छापील उत्तर दिलं: 'शुल्क नियमानुसार आहे.' दुसऱ्या पत्रात मी एकच विचारलं: कोणत्या तारखेच्या कोणत्या खरेदीवर? त्याचं उत्तर आलं नाही. मग बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. नाक दाबल्यावर तोंड उघडलं. लोकपालाचा निर्णय व्हायच्या आतच बँकेने सगळं उलटवलं. भरपाई मात्र दिली नाही आणि मीही पुढे ओढलं नाही. तुमचा पुरावा भक्कम आहे, तुम्ही जरूर मागा.

लोकपालाकडे जायला आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांची वाट, किंवा त्याआधी आलेलं असमाधानकारक उत्तर, एवढं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट होतं, वकील लागत नाही. अडलात तर १४४४८ वर विचारा.

क्रेडिट अहवालाचं काम बँकेच्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी सुरू करा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा. लोक फक्त सिबिल बघतात आणि दुसऱ्या ठिकाणची चूक तशीच राहते. चुकीच्या नोंदीवर ऑनलाइन हरकत नोंदवा. कंपनी स्वतः आकडा बदलत नाही, बँकेला विचारते, म्हणून बँकेचं पत्र आणि ही हरकत सोबतच हवी. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

गृहकर्जवाल्यांना मात्र आजच भेटा. हरकतीचा क्रमांक, बँकेला पाठवलेल्या पत्राची पोच आणि खरेदी शून्य दाखवणारे उतारे त्यांच्या फाइलला लावायला द्या. काही अधिकारी तेवढ्यावर अर्ज नामंजूर न करता प्रलंबित ठेवतात, आणि तुम्हाला सध्या तेवढाच महिना-दीड महिना हवा आहे.