लंडनहून दोन दिवसांसाठी न्यू फॉरेस्ट: गाडी नसताना, आईबाबांना घेऊन जावं का?

जावं. प्रश्नात तुम्ही लिहिलंय की आईबाबा भारतातून आलेत, हातात दोनच दिवस आहेत, गाडी नाही, आणि ओळखीतले कोणी म्हणाले, "तिथे घोड्यांशिवाय काही नाही." मी न्यू फॉरेस्ट या दक्षिण इंग्लंडमधल्या रानाजवळ, साउदॅम्प्टनला राहतो आणि पाहुणे आले की त्यांना तिकडेच नेतो. तेव्हा सांगतो: तुमचे ओळखीतले अर्धे बरोबर आहेत.

मुक्काम ब्रॉकनहर्स्टला करा. लंडन वॉटरलूहून थेट गाडी आहे, साधारण दीड तास लागतो. स्टेशनातून बाहेर पडलं की गाव सुरू आणि गाव संपलं की रान सुरू. बहुतेक प्रवासवेडे लोक लिंडहर्स्ट सुचवतील, कारण न्यू फॉरेस्टची राजधानी म्हणतात ती तीच. पण तिथे स्टेशन नाही आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही. बसने तासाभरासाठी जाऊन या.

आता आईबाबांना आधीच सांगून ठेवायची गोष्ट. नावात फॉरेस्ट असलं तरी हे आपल्या मनातलं जंगल नाही. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा स्टेशनपासून अर्धा तास चालल्यावर थांबले आणि म्हणाले, "जंगल कधी लागणार?" आम्ही जंगलातच उभे होतो. समोर उघडं माळरान, मधे पाणथळ, लांबवर ओक आणि बीचची राई. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. विल्यम द कॉन्करर या राजाने 1079 च्या सुमाराला हा मुलूख राखून ठेवला. म्हणजे 'न्यू' म्हणतात ते साडेनऊशे वर्षांपूर्वीचं नवं. 2005 साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, आज त्याचं क्षेत्रफळ 566 चौरस किलोमीटर आहे.

घोडे खरं तर तट्टं आहेत, आणि रानटी तर मुळीच नाहीत. प्रत्येकाला मालक आहे. राजाने शिकारीसाठी जमीन अडवली तेव्हा तिथल्या लोकांना कुंपण घालायची बंदी झाली, कारण हरणांना अडथळा नको. मग त्यांची गुरं चरणार कुठे? त्या चराईचा हक्क पुढे कायद्यात बसला आणि आजही चालू आहे. आपल्याकडच्या गायरानासारखा प्रकार, फक्त एक फरक. इथे हक्क माणसाला नसतो, घराला किंवा जमिनीला चिकटलेला असतो. ते घर विकत घेतलं की चराईचा हक्क सोबत येतो, घर विकलं की जातो. असे हक्क असलेल्यांना कॉमनर म्हणतात. कोणाला चराईचा, कोणाला डुकरं सोडायचा, कोणाला सरपणाचा.

तट्टू दिसलं की शेपूट बघा. सुरुवातीला मला वाटायचं, काही तट्टांची शेपटी कोणी खट्याळपणे अर्धीमुर्धी कातरलीय. तसं नाही. दर वर्षी प्रत्येक जनावरामागे शुल्क भरायचं असतं. ते भरलं की ॲजिस्टर नावाचा कारभारी त्या तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक नमुन्याने कापतो. प्रत्येक ॲजिस्टरचा नमुना वेगळा, त्यामुळे लांबूनच कळतं की जनावर कोणत्या भागातलं आणि पैसे भरलेत की नाही. म्हणजे पावती शेपटीवरच. अंगावर मालकाचा डागही असतो. माझ्या सासऱ्यांना जंगल पटलं नव्हतं, हे मात्र इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस ते फक्त शेपट्या बघत फिरले.

शरद ऋतूत जाणार असाल तर डुकरंही दिसतील. ओकची खाली पडलेली हिरवी फळं तट्टांना आणि गुरांना विषारी पडतात, डुकरांना मात्र मानवतात. म्हणून त्या सुमाराला निदान साठ दिवस डुकरं रानात मोकळी सोडतात. फळांचा सडा साफ होतो आणि डुकरं फुकटात पोसली जातात. जमीन फार उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात कडी असते. एकदा एका चिखलट वाटेवर अशी सहा-सात डुकरं भेटली. फळं फोडताना त्यांच्या तोंडाचा जो कटकट आवाज येतो, तो वीस पावलांवरून ऐकू येत होता.

या सगळ्याचा न्यायनिवाडा लिंडहर्स्टला होतो. तिथे व्हर्डरर्सचं, म्हणजे रानाचा आणि चराईच्या हक्कांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांचं न्यायालय आहे. दहा व्हर्डरर असतात, त्यातले पाच कॉमनर निवडून देतात. बहुतेक महिन्यांत एकदा उघडी सभा भरते. कोणीही सामान्य माणूस तिथे उभा राहून तक्रार किंवा सूचना मांडू शकतो. अमुक रस्त्यावर जनावरं गाड्यांखाली येतात, तमुक ठिकाणी कोणी कुंपण पुढे सरकवलंय, असले विषय. त्या दालनात एक मोठी लोखंडी रिकीब टांगलेली आहे. सांगतात की पूर्वी गावकऱ्यांची कुत्री तिच्यातून काढून बघत. जे कुत्रं तिच्यातून निघेल ते राजाच्या हरणांना धोक्याचं नाही. जे निघणार नाही त्याच्या पुढच्या पायाची बोटं तोडायची, म्हणजे ते धावू शकणार नाही. राजाची शिकार म्हणजे काय चीज होती, ते या एका वस्तूवरून कळतं.

विल्यम द कॉन्कररचाच मुलगा, राजा विल्यम रूफस, 2 ऑगस्ट 1100 रोजी याच रानात शिकार करताना बाण लागून मेला. बाण वॉल्टर टिरेल नावाच्या सरदाराचा होता असं मानतात. अपघात की घात, यावर अजून वाद घालतात. रूफसचा धाकटा भाऊ हेन्री तिथूनच विंचेस्टरचा खजिना ताब्यात घ्यायला धावला आणि तीन दिवसांत त्याने राज्याभिषेक उरकून घेतला. तेवढ्यावरून तुम्हीच ठरवा. मिन्स्टेड गावाजवळ रूफस स्टोन नावाची खूण आहे, पण गाडी नसताना त्यासाठी आटापिटा करू नका. बघायला गेलात तर लोखंडी आवरण घातलेला एक बुटका खांब, बस्स.

मिन्स्टेडच्या चर्चच्या आवारात शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याची कबर आहे, लोक खास त्यासाठी जातात. जायला हरकत नाही. मात्र दोन दिवसांत एकच कबर बघायची असेल तर मी तुम्हाला दुसरीकडे पाठवीन, त्याबद्दल खाली लिहितो.

ब्यूली हे गाव सुंदर आहे. स्पेलिंग वाचून 'बोलियू' म्हणू नका, तिथले लोक ब्यूलीच म्हणतात. किंग जॉनने 1204 मध्ये स्थापलेल्या मठाचे अवशेष आणि मोटारींचं संग्रहालय. पोरं असतील तर संग्रहालय, नसतील तर मठ. तिथून नदीकाठाने दोन-अडीच मैलांवर बकलर्स हार्ड आहे. एकच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना विटांची घरं, आणि रस्ता थेट नदीत उतरतो. तो इतका रुंद, कारण त्यावरून ओकचे ओंडके गडगडत न्यायचे. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं 'अगामेम्नॉन' हे लढाऊ जहाज इथेच बांधून 1781 मध्ये पाण्यात सोडलं. एकेका जहाजाला अख्खी राई लागायची. म्हणून तर 1698 च्या कायद्याने ओकच्या फांद्या वरून छाटायला बंदी घातली, छाटलेल्या झाडाचा लांब सोट मिळत नाही ना. ब्यूलीला बस कमी आहेत. उन्हाळ्यात उघड्या टपाची फिरती बस असते, तिचा दिवसाचा पास घ्या. इतर वेळी हा भाग सरळ सोडून द्या.

आता ब्रॉकनहर्स्ट.

गावात एका टोकाला रस्त्यावरूनच ओढा वाहतो, पूल नाही, गाड्या पाण्यातून जातात. तिथे सकाळी गाढवं आणि तट्टं उभी असतात, दुकानांपर्यंत येतात. हे बघायला आईबाबांना खूप मजा येईल, पण खायला घालू देऊ नका. आईंच्या पिशवीत बिस्किटं असणार, हे मी गृहीत धरतो. जनावरांना माणसांच्या हातून खायची सवय लागली की ती रस्त्यावर घुटमळतात आणि गाडीखाली मरतात. रानातल्या बिनकुंपणाच्या रस्त्यांवर ताशी 40 मैलांची मर्यादा त्यासाठीच आहे. खायला घालण्यावर बंदी आहे आणि दंडही होऊ शकतो.

गावाच्या दुसऱ्या अंगाला, स्टेशनपासून थोड्या चढावर, सेंट निकोलस चर्च आहे. आवारात हजार वर्षांहून जुना यू वृक्ष आहे. तिथेच ब्रशर मिल्स नावाच्या साप पकडणाऱ्याची कबर आहे. हा माणूस कोळसेवाल्यांच्या झोपडीत रानात राहायचा, 1905 मध्ये वारला. गावकऱ्यांनी त्याला संगमरवरी दगड बसवला आणि त्यावर त्यालाच कोरला.

पण मी म्हणतो ती कबर वेगळी. 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढणाऱ्या जखमी हिंदी सैनिकांसाठी या गावात मोठं इस्पितळ उभारलं होतं. गावातल्या एका रस्त्याचं नाव आजही मीरट रोड आहे, हिंदी सैन्याच्या मेरठ डिव्हिजनवरून. इस्पितळाचा एक भाग लेडी हार्डिंज हॉस्पिटल. तिथे सुखा नावाचा सफाई कामगार होता, बरेलीचा. 12 जानेवारी 1915 रोजी तो वारला, वय 30. आणि मग प्रश्न आला, याचं करायचं काय. त्या वेळच्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की तो अस्पृश्य, म्हणून इस्पितळातल्या हिंदूंनी त्याला अग्नी द्यायला नकार दिला. वोकिंगच्या मशिदीकडे विचारलं, तर तो मुसलमान नाही म्हणून तिथेही जागा नाही. शेवटी ब्रॉकनहर्स्टच्या पाद्रीने त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरलं, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड उभारला. त्यावर त्याचा मोहल्ला, गाव, प्रांत सगळं कोरलंय. तो ख्रिश्चन नव्हता हेही कोरलंय, आणि त्याने इतरांसाठी प्राण वेचले असंही.

मी पहिल्यांदा तो दगड वाचला तेव्हा 'मोहल्ला गंगापूर' ही अक्षरं हॅम्पशरच्या गवतात बघून तिथेच खाली बसलो. सोबत न्यूझीलंडच्या सैनिकांच्या नव्वदहून जास्त कबरी आहेत, सगळ्या एका मापाच्या, सरळ रांगांत. त्यांचं इस्पितळ 1916 पासून इथे होतं. सुखाचा दगड त्यांच्यासारखा नाही. तो गावाने दिलेला आहे, सरकारने नव्हे, आणि ते दगडाकडे बघूनच कळतं.

तुमचे बाबा कसे आहेत मला माहीत नाही. माझे सासरे तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नकार देणारेही आपलेच होते." आम्ही चालत परत आलो.

बाकी थोडं उपयोगाचं. रान बघायचं तर गावाच्या पश्चिमेला ऑबर वॉटर या ओढ्याच्या काठाने चाला. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस असतं, ते घाण नाही, मातीचा रंग आहे. वाट सपाट आहे, ज्येष्ठांना झेपते. गुडघे दुखत असतील तर जिथे कंटाळा येईल तिथून मागे फिरा, काही चुकत नाही. माळावर हिरवागार मऊ गालिचा दिसला की त्यावर पाय देऊ नका, ती दलदल आहे. माझा एक पाय अशा ठिकाणी गुडघ्यापर्यंत गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. बूट दोन हातांनी उपसून काढावा लागला. पायमोज्यात पँट खोचा, गोचिडी असतात. घरी आल्यावर अंग तपासा, आणि पुढच्या काही आठवड्यांत चावल्या जागी गोल लाल वर्तुळ उमटलं तर डॉक्टरांना दाखवा. फुरशाच्या कुळातला एक विषारी सापही असतो, पण तो आपण होऊन वाटेला जात नाही.

कधी जावं विचाराल तर ऑगस्टअखेर, माळ हेदरच्या फुलांनी जांभळा होतो. गर्दी नको असेल तर ऑक्टोबर, डुकरं त्याच वेळी. शिंगरं बघायची तर मे-जून.

चर्चचं दार बंद असलं तरी आवारात जाता येतं. दगड शोधताना यू वृक्षाजवळ घोटाळू नका, न्यूझीलंडच्या रांगांकडे चाला आणि वेगळ्या आकाराचा दगड दिसतो का ते बघा.