रग्बीतला स्क्रम म्हणजे नुसती धक्काबुक्की असते का? आणि ऑफिसातल्या स्क्रमशी त्याचा काय संबंध?

नाही हो, धक्काबुक्की अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसात रोज सकाळी स्क्रम असतो, बातम्यांत मीडिया स्क्रम वाचता, मग मूळचा कसला. मी कॉलेजात प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या फळीत कडेला रेटणारा) खेळायचो, त्यामुळे या विषयावर माझा जीव आहे, जरा सविस्तर सांगतो.

चेंडू हातून पुढे निसटला किंवा पास पुढे गेला (रग्बीत हाताने पास पुढे देताच येत नाही) अशा किरकोळ चुकीनंतर खेळ परत सुरू करायला स्क्रम लावतात. पंधरा जणांच्या खेळात दोन्हीकडून आठ-आठ जण वाकून, एकमेकांना धरून समोरच्यांना रेटतात, पुढे दोन प्रॉप आणि मध्ये हूकर, मागे दोन लॉक, बाजूंना फ्लँकर, शेवटी नंबर एट. रेफ्री क्राउच, बाइंड, सेट म्हणतो तेव्हा टप्प्याटप्प्याने वाकायचं, धरायचं, भिडायचं, आणि नऊ नंबरवाला चेंडू आत टाकेपर्यंत रेटायचं नाही, मग हूकर पायाने चेंडू मागे घेतो. हा क्रम 2013 पासून आहे, त्याआधी दोन्ही फळ्या लांबून धाडकन आदळायच्या आणि मानेला फार धोका असायचा, आता प्रॉप आधी समोरच्याला धरतात मग भिडतात. पुढच्या फळीसाठी तयार खेळाडू उरले नाहीत तर रेफ्री न रेटता स्क्रम लावायला लावतो, इतकं ते जपून करायचं काम आहे. ठाण्यातल्या दहीहंडीचा खालचा थर आठवा, एकाने खांदा सैल सोडला की वरचे सगळे धोक्यात, तसंच.

म्हणून नेत्याभोवती माईक घेऊन झुंबड उडते त्याला मीडिया स्क्रम म्हणतात ते मला पटत नाही, तिथे प्रत्येक जण स्वतःसाठी ढकलत असतो. पण शब्द रुळलाय, विशेषतः कॅनडा-ऑस्ट्रेलियात, आता काही बदलत नाही.

ऑफिसवाला स्क्रम मात्र खरंच रग्बीतून आलाय. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलं की होंडा, कॅनन अशा कंपन्यांतल्या टीम्स काम एका विभागाकडून दुसऱ्याकडे सरकवत बसत नाहीत, रग्बी टीमसारखं सगळे मिळून पुढे जातात. त्या लेखातलं स्क्रम हे नाव जेफ सदरलँड आणि केन श्वाबर या सॉफ्टवेअरवाल्यांनी टीमने मिळून सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीसाठी उचललं आणि 1995 मध्ये ती जाहीरपणे मांडली.

त्यामुळे तुमच्याकडे सगळे आळीपाळीने मॅनेजरकडे बघून कालचा हिशोब देत असतील तर त्याला स्टेटस रिपोर्ट म्हणा. डेली स्क्रम पंधरा मिनिटांचा आणि काम करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचा असतो, कोण कुठे अडकलंय आणि आज त्याच्यासोबत कोण बसणार एवढं ठरलं तरी पुरे.